ठसा, छापा आणि वण

साताऱ्याच्या एका चित्रकला शिक्षिकेने विचारले आहे की, मुद्राचित्रांच्या (साच्यावरून कागदावर उमटवलेल्या चित्रांच्या) प्रदर्शनाचे माहितीपत्रक मराठीत करताना 'प्रिंट'ला छापा म्हणावे की ठसा, आणि दुष्काळ, फाळणी यांच्या 'ट्रॉमा'साठी 'आघात' हा शब्द पुरेल का.

'मुद्राचित्रण' हे कलाप्रकाराचे नाव रूढ आहे, ते तसेच ठेवावे. कागदावर जे उमटते त्याला मात्र 'ठसा' म्हणावे. 'छापा' म्हटले की आधी धाड आठवते, आणि प्रतिसरकारच्या काळातील पोलिसांच्या छाप्यांच्या आठवणी आपल्या सातारा-सांगलीकडे अजून सांगितल्या जातात. शिवाय उमटवणाऱ्या साच्यालाही ठसा म्हणतात आणि उमटलेल्या खुणेलाही. कारण आणि परिणाम अशा दोहोंना कवेत घेणारा शब्द या कलेला फार शोभतो.

'आघात' मला पुरेसा वाटत नाही. आघात म्हणजे घाव बसण्याचा क्षण, आणि ही चित्रे तर त्या क्षणानंतर जे उरते त्याची आहेत. त्यासाठी आपल्याकडे 'वण' आहे. संस्कृत 'व्रण' म्हणजे जखम. प्राकृतातून मराठीत येताना त्याचा 'वण' झाला आणि अर्थही सरकून जखम भरल्यावर राहणाऱ्या खुणेवर स्थिरावला, जसे देवीचे वण. (आज 'व्रण'ही या अर्थाने लिहितात, पण तिथे जखम आणि खूण यांतला भेद पुसट होतो.) सांगलीत २०१९ च्या महापुराचे पाणी ओसरल्यावर गावभागातल्या भिंतींवर जी रेघ राहिली, ती पाहताना हा भेद मला नेमका कळला: पूर हा आघात, ती रेघ हा वण.

१९४३ चा बंगालचा दुष्काळ ज्यांनी डोळ्यांनी पाहिला आणि चितारला, त्या सोमनाथ होर यांनी १९७० च्या दशकात 'वून्ड्स' ही मालिका केली. ओल्या मातीच्या थरावर चिरा पाडून, खळगे करून, त्यावरून सिमेंटचा साचा घ्यायचा आणि त्यात कागदाचा लगदा दाबायचा, अशी ती पद्धत होती. तिथे शाई जवळजवळ नाहीच. पांढऱ्यावर पांढरे, आणि कागदच फाटल्यासारखा, सुजल्यासारखा दिसतो. मालिकेचे नाव 'जखमा' असेच द्यावे, वर्णनात मात्र 'कागदावरचे वण' म्हणावे.

मुद्राचित्रकार झरीना हाश्मी यांच्या २००१ च्या 'डिव्हायडिंग लाइन' या काष्ठठशाबद्दल (वुडकट, म्हणजे कोरलेल्या लाकडावरून घेतलेला ठसा) माहितीपत्रकाच्या मसुद्यात 'कोरलेली सीमारेषा' असे लिहिले आहे. ते दुरुस्त करावे, कारण काष्ठठशात कोरलेला भाग कोरा राहतो आणि न कोरलेला उमटतो. फाळणीची ती काळी रेषा भोवतीचे लाकूड काढून टाकल्यामुळे उरली आहे. म्हणून तिला 'राखलेली रेषा' म्हणावे.