डूडलच्या पिल्लाचे केस बदलतात तेव्हा : वाचकांचे प्रश्न आणि उत्तरे

गोल्डनडूडल, लॅब्राडूडल, कॉकापू, म्हणजे एका बाजूने पूडल आणि दुसऱ्या बाजूने गोल्डन रिट्रीव्हर, लॅब्राडोर किंवा कॉकर स्पॅनियल अशी संकरित कुत्री आता सातारा-सांगलीकडेही बरीच दिसू लागली आहेत. या वेळी आलेल्या पत्रांत त्यांच्या केसांविषयीचे प्रश्न अधिक असल्यामुळे हा भाग त्यांनाच दिला आहे.

प्रश्न : आमचा गोल्डनडूडल आठ महिन्यांचा झाला. आतापर्यंत आठवड्यातून दोनदा ब्रश फिरवला की पुरत असे. हल्ली रोज ब्रश करूनही कानांमागे आणि काखेत गाठी होतात. ग्रूमर म्हणतो, सगळे केस मशीनने काढावे लागतील. आहारात काही कमी पडते आहे, की ग्रूमर स्वतःचे काम सोपे करू पाहतो आहे? (शाहूपुरी, सातारा)

उत्तर : तुम्ही लिहिले आहे त्यावरून आहाराचा येथे संबंध दिसत नाही, आणि ग्रूमरचे म्हणणेही बहुधा बरोबरच आहे. पिल्लाचे मऊ केस साधारण सहाव्या ते आठव्या महिन्यापासून गळू लागतात आणि त्यांच्या जागी प्रौढ केस येतात. हा बदल बहुतेकांत वर्षाच्या आसपास पुरा होतो, काहींत दीड वर्षापर्यंत रेंगाळतो. लॅब्राडोरचे गळालेले केस फरशीवर पडतात आणि झाडून काढता येतात. डूडलमध्ये मात्र रिट्रीव्हरकडून आलेली आतली लव गळते आणि पूडलकडून आलेल्या कुरळ्या केसांत अडकून बसते. तिला ओलावा आणि घर्षण मिळाले की तिची जट होते. लोकर भिजवून, दाबून जेन, म्हणजे लोकरीचे जाड कापड, तयार करतात तसाच हा प्रकार आहे. म्हणूनच जटा आधी तेथे होतात जेथे सतत काहीतरी घासत असते : पट्ट्याखाली, हार्नेसखाली (छातीभोवती बांधायच्या पट्ट्यांखाली), काखेत, जांघेत, कानांमागे आणि शेपटीच्या मुळाशी. घरात असताना हार्नेस काढून ठेवला तरी काखेतला निम्मा त्रास कमी होतो.

रोज ब्रश करूनही गाठी होतात, याचे कारण ब्रश वरच्यावर फिरतो. वरून केस मोकळे, फुललेले दिसतात आणि जट कातडीलगत वाढत राहते. पिल्लाला कुशीवर निजवावे, डाव्या हाताने केस वर धरून खाली भांग पाडावा आणि कातडीची रेघ स्पष्ट दिसली की त्या रेघेपासून खाली थोडेथोडेच केस स्लिकर ब्रशने, म्हणजे बारीक वाकड्या तारांच्या ब्रशने, सोडवावेत. मग भांग बोटभर वर सरकवावा आणि पायापासून पाठीपर्यंत असेच जावे. शेवटी स्टीलचा कंगवा मुळापासून टोकापर्यंत न अडता गेला, तरच तो भाग झाला असे समजावे. कंगवा ही खरी परीक्षा आहे, ब्रश नव्हे. या वयात हे एक दिवसाआड तरी करावे लागते, आणि एका बैठकीत सगळे अंग होत नसेल तर आज मागचे पाय, उद्या छाती अशी वाटणी करायला हरकत नाही.

आता मशीनविषयी. सुटी गाठ असेल तर ती बोटांनी उकलून, टोकाकडून मुळाकडे कंगव्याने सोडवता येते. पण जट सलग पसरली असेल आणि तिच्याखाली कंगव्याचा दात शिरत नसेल, तर ब्लेड जटेच्या खालून, कातडीलगतच चालवावे लागते. दहा नंबरचे ब्लेड जेमतेम दीड मिलिमीटर केस मागे ठेवते. अशा वेळी ‘थोडे लांब ठेवा’ ही विनंती ग्रूमरला पाळता येत नाही, आणि त्याने ती ऐकली तर कुत्र्याला तासन्‌तास ओढाताण सोसावी लागते. घरी कात्री मात्र कधीही घालू नये. जटेत कातडी वर ओढली गेलेली असते आणि ती केसांबरोबर सहज कापली जाते. कानांवरची मोठी जट काढल्यावर कुत्रे एकदोन दिवस जोरजोराने डोके झटकते आणि त्या झटक्यांनी कानाच्या पाळीत रक्त साकळू शकते. कान फुगलेला, गरम लागला तर पशुवैद्याला दाखवावा. एकदा असे भादरल्यावर केस पुन्हा येतात, आणि कोऱ्या अंगावर नीट विंचरण्याची सवय लावणे उलट सोपे जाते.

प्रश्न : धुळीमुळे आम्ही आमच्या लॅब्राडूडलला दर रविवारी आंघोळ घालतो आणि उन्हात बसवून वाळवतो. तरी सोमवारी गाठी दिसतातच. आई म्हणतात, केसांना खोबरेल लावा, गुंता सुटेल. (विश्रामबाग, सांगली)

उत्तर : तुमच्या क्रमात उलटापालट करायला हवी. आंघोळीआधी सगळे अंग कंगव्याने मोकळे करा; कारण गुंता असलेले केस भिजले आणि तसेच वाळले की ते आवळून बसतात. शाम्पू कुत्र्यांसाठीचाच वापरावा, केस चोळून गोल फिरवू नयेत, वरून खाली हात ओढत धुवावेत, आणि पाणी स्वच्छ निथळेपर्यंत शाम्पू काढावा. टॉवेलने घासू नये, दाबून पाणी टिपावे. त्यानंतर ड्रायरच्या कोमट हवेत ब्रश करत मुळापर्यंत वाळवावे. उन्हात वरचे केस वाळतात आणि कुरळे केस वाळताना पुन्हा एकमेकांत गुंततात, आतली लव ओलसरच राहते; तेथे त्वचेवर खाज आणि चट्टे येतात. दर आठवड्याला आंघोळीची गरजही नाही. तीन ते चार आठवड्यांतून एकदा पुरे, मधल्या काळात ओल्या फडक्याने पाय पुसावेत.

आईंचा सल्ला माणसांच्या केसांसाठी चांगला आहे. कुत्र्याच्या अंगावर तेलाला धूळ चिकटते, तो ते चाटतो, आणि जमलेली जट त्याने सुटत नाही. त्याऐवजी कुत्र्यांसाठी मिळणारा गुंता सोडवण्याचा स्प्रे हलकासा मारून मग ब्रश करावा.

प्रश्न : आमची द्राक्षबाग आहे. डूडल दिवसभर आमच्यासोबत शेतात असते. पावसाळा संपता संपता तिच्या अंगाला आघाडा आणि कुसळे इतकी चिकटतात की संध्याकाळ वेचण्यातच जाते. (तासगाव)

उत्तर : शेतात राहणाऱ्या कुत्र्याने लांब केस मिरवू नयेत, असे माझे स्पष्ट मत आहे. गवत पिकण्याआधी, म्हणजे सप्टेंबरातच, पाय, पोट आणि पंजांमधले केस बोटाच्या पेराइतकेही राहणार नाहीत असे कापून घ्या. आघाडा त्रासदायक असला तरी फणीने निघतो. कुसळाचे तसे नाही. त्याच्या टोकावरचे बारीक केस मागे वळलेले असतात, त्यामुळे ते एकदा कातडीत घुसले की पुढेच जाते, मागे येत नाही. म्हणून रोज संध्याकाळी बोटांच्या बेचक्या आणि कानांच्या आतली बाजू उजेडात पाहावी. एकच पंजा सतत चाटणे, बेचक्यात फुगवटा येणे, अचानक डोके एका बाजूला कलते धरणे, ही लक्षणे दिसली तर दुसऱ्या दिवसाची वाट पाहू नये.

दाट केसांत गोचीडही लपतात, आणि गोचीडतापाची सुरुवात पुष्कळदा अशाच न दिसलेल्या गोचिडांपासून होते. वर्षभर गोचीडनाशक औषध चालू ठेवावे. बागेत फवारणी झाली असेल त्या दिवशी तिला घरीच ठेवावे. लांब केस फवारा धरून ठेवतात आणि ती ते नंतर चाटून पोटात घालते.

प्रश्न : ‘केस अजिबात गळत नाहीत, ॲलर्जी होत नाही’ असे सांगून आम्हाला लॅब्राडूडल दिले गेले. आता ती वर्षाची आहे, तोंडावरचे केस आखूड आणि सपाट आहेत, आणि केस घरभर गळतात. मुलाला दम्याचा त्रास आहे. फसवणूक झाली का? (मिरज)

उत्तर : आश्वासन चुकीचे होते, एवढे नक्की. डूडलच्या दाढी-मिशा आणि भुवया ‘आरएसपीओ२’ या जनुकाच्या एका रूपामुळे येतात. ते रूप न मिळालेल्या पिल्लाचे तोंड सपाट राहते आणि केसही अधिक गळतात. तुमची तशी आहे. तिच्या जटा फारशा होणार नाहीत, आठवड्यातून दोनदा विंचरणे पुरेल.

ॲलर्जीचा उगम केसांत नसून लाळेत आणि त्वचेच्या कोंड्यात असलेल्या प्रथिनांत असतो. 1989 मध्ये ऑस्ट्रेलियातील वॉली कॉनरॉन यांनी, पतीला कुत्र्याची ॲलर्जी असलेल्या एका अंध महिलेसाठी पहिली प्रसिद्ध लॅब्राडूडल वीण घडवली, तेव्हाही त्या विणीतल्या तीन पिल्लांपैकी एकच त्या गृहस्थांना मानवले. 2012 मध्ये नेदरलँड्समध्ये प्रसिद्ध झालेल्या अभ्यासात तर तथाकथित ॲलर्जीमुक्त कुत्र्यांच्या केसांत ‘कॅन एफ १’ हे प्रथिन इतरांपेक्षा कमी नव्हे, जास्तच आढळले. मुलाच्या डॉक्टरांना घरात कुत्रा असल्याचे स्पष्ट सांगा आणि त्यांचा सल्ला अंतिम माना. विंचरण्याचे काम मुलाने करू नये, आणि ते घराबाहेर, ओसरीवर करावे.

प्रश्न : उन्हाळ्यात टक्कल केले तर बरे का? (सांगलीवाडी)

उत्तर : जटा नसतील तर नको. सेंटीमीटरभर केस ठेवले की ऊन थेट कातडीला भिडत नाही आणि विंचरणेही आटोपशीर राहते. कुत्रा मुख्यतः धापा टाकून अंग थंड करतो, त्यामुळे सावली, पाणी आणि सकाळी लवकरचे फिरणे यांचा उपयोग हजामतीहून मोठा आहे.

प्रश्न : सात महिन्यांच्या पिल्लाच्या डोळ्याभोवती आणि पुढच्या पायावर केस जाऊन गोल चट्टे पडले आहेत. हा केस बदलण्याचाच भाग आहे का? (कराड)

उत्तर : नाही. केस बदलताना कोठेही टक्कल पडत नाही. या वयात असे चट्टे डेमोडेक्स माइट्समुळे (त्वचेत राहणाऱ्या अतिसूक्ष्म किड्यांमुळे) किंवा गजकर्णामुळे पडू शकतात आणि त्यांचे निदान त्वचा खरवडून सूक्ष्मदर्शकाखाली पाहून, तसेच केसांची तपासणी करून होते. गजकर्ण माणसांनाही लागते. म्हणून तपासणी होईपर्यंत पिल्लाला अंथरुणात घेऊ नका, त्याचा ब्रश दुसऱ्या कुत्र्याला वापरू नका, आणि दुकानातून आणलेले कोणतेही मलम लावू नका, कारण त्यातल्या स्टेरॉइडने डेमोडेक्स बळावतो.