दमलेल्या माणसाला आणखी एक साहेब नको असतो

“डॉक्टरांनी चालायला सांगितलंय हो, पण दिवसभर राबून आल्यावर अंगात दमच राहत नाही बघा.”

सोलापुरात समुपदेशन करताना हे वाक्य मी बँकेतल्या कॅशियरकडून ऐकलंय, एसटीच्या कंडक्टरकडून ऐकलंय, नर्सकडून आणि शाळेतल्या बाईंकडूनही. चालणं जमत नाही म्हणून माझ्याकडे कुणी येत नाही. झोप लागत नाही, चिडचिड होते, म्हणून येतात. बोलता बोलता चालण्याचा विषय निघतो आणि मान खाली घालून पुढचं वाक्य येतं, “मीच आळशी आहे.” ह्या दुसऱ्या वाक्याची मला जास्त काळजी वाटते. म्हणून एका ताईंची हकीकत सांगते. ओळख पटेल असे तपशील अर्थातच बदलले आहेत.

ताई चाळिशी ओलांडलेल्या, युनिफॉर्म शिवणाऱ्या एका कारखान्यात चेकिंगला. काज-बटण पाहायचं, सुटलेले धागे कापायचे, पीस पुढं सरकवायचा, सगळं उभ्यानं. जूनमध्ये शाळा उघडेपर्यंतचा सीझन म्हणजे रात्रीचे आठ ठरलेले. साखर काठावर आलेली. बूट घेऊन झाले होते, पहाटेचा गजर लावून झाला होता. दर वेळी आठवडाभरात सगळं बंद.

“मी दिवसभर पायांवरच असते की, मॅडम. अजून किती चालायचं?”

प्रश्न रास्त आहे. पण उभं राहणं म्हणजे चालणं नव्हे. चालताना पोटरीचे स्नायू आवळतात, सैल होतात आणि पायातलं रक्त वर ढकलतात. एका जागी उभं राहिलं की हे काम मंदावतं, रक्त खाली साचतं, संध्याकाळी पाय शिशासारखे जड होतात. त्या जड पायांना दहा मिनिटांच्या सावकाश चालण्यानं बरेचदा उतार पडतो. हे ताईंना पटलं. तरी पाऊल उचललं गेलं नाही.

दरम्यान मी त्यांना रक्त तपासून घ्यायला लावलं. थकव्याचं मूळ मनातच शोधत बसू नये, हा माझा नियम आहे. हिमोग्लोबिन कमी निघालं, डॉक्टरांनी लोहाच्या गोळ्या सुरू केल्या. थायरॉईड ठीक होता. गोळ्यांनी थोडी तरतरी आली, पण चालणं काही सुरू झालं नाही. म्हणजे गाठ आणखी कुठंतरी होती.

एका भेटीत मी विचारलं, “संध्याकाळी चालायचं मनात येतं तेव्हा आतून नेमकं कोणतं वाक्य ऐकू येतं?”

ताई बोलताना माझ्या टेबलक्लॉथच्या कडेचा एक सुटलेला धागा बोटांनी चाचपत होत्या. सवयच ती. म्हणाल्या, “चाललंच पाहिजे. तासभर तरी चाललंच पाहिजे. काल बुडवलंस, आज तरी जा.”

“आणि असं कोण बोलतं?”

बराच वेळ गप्प राहिल्या. मग एकदम म्हणाल्या, “आमचा सुपरवायझर.”

आम्ही दोघी हसलो, आणि हसता हसता त्यांचे डोळे भरले. सकाळी नऊपासून दुसऱ्याच्या हुकमाखाली उभी असलेली ही बाई घरी आल्यावर स्वतःच्याच डोक्यात तोच सुपरवायझर बसवत होती. मग तिचं मन रुसून बसणारच. नकार चालण्याला नव्हता, दिवसातल्या शेवटच्या हुकमाला होता. इतक्या वर्षांच्या कामात मला पटलेली गोष्ट हीच आहे: आपण ज्याला आळस म्हणतो, तो बरेचदा हुकमांनी विटलेल्या मनाचा संप असतो. आणि संप दटावून मिटत नाही.

मी अल्बर्ट एलिस यांना मानणारी. या अमेरिकन मानसशास्त्रज्ञानं 1955 च्या सुमाराला विवेकनिष्ठ उपचारपद्धती मांडली. ‘पाहिजेच’ हा हट्ट माणसाला छळतो, त्याच्या जागी ‘मला आवडेल, आणि नाही जमलं तरी मी वाया गेलो नाही’ हे आणा, असं त्यांचं सांगणं. ऐकायला सोपं वाटतं. पण खुर्चीत समोर बसलेल्या माणसाच्या आत ते उतरताना मी पाहिलंय, म्हणून ठामपणे सांगते.

ताईंचा पुढचा अडसर होता खाड्याचा. “एक दिवस चुकला की सगळंच मोडतं.”

मी विचारलं, “शंभर शर्टांत एकाचं काज चुकलेलं निघालं, तर तुम्ही लॉट परत पाठवता का?”

“छे! तेवढा पीस दुरुस्तीला टाकते, बाकीचे पुढं.” बोलून झाल्यावर त्यांचं त्यांनाच उमगलं.

लंडनच्या युनिव्हर्सिटी कॉलेजात 96 जणांवर झालेल्या एका अभ्यासात हेच दिसलं. नवी सवय अंगवळणी पडायला साधारण 66 दिवस लागले, पण कुणाला 18, तर कुणाला 254 दिवसही लागतील असा हिशेब निघाला. आणि मधला एखादा दिवस हुकल्यानं फारसं बिघडलं नाही. तेव्हा ‘एकवीस दिवसांत सवय’ हे मनातून काढा. तासाचा हट्टही सोडा. जागतिक आरोग्य संघटना प्रौढांना आठवड्याला 150 ते 300 मिनिटं मध्यम व्यायाम सांगते. पूर्वी एका वेळी किमान दहा मिनिटांची अट होती, तीही 2020 च्या शिफारशींत काढली. तुकड्यातुकड्यानं झालेलं चालणंही जमेला धरतात.

ताईंनी स्वतःच मार्ग काढला. शेअर रिक्षातून घराच्या दोन चौक अलीकडे उतरायचं. घरी जाऊन चप्पल काढली की पुन्हा बाहेर पडणं होत नाही, हे त्यांना पक्कं ठाऊक होतं. बाहेर असतानाच पाय मोकळे करायचे, दमणूक फार असेल त्या दिवशी दारापर्यंत रिक्षा करायची, आणि तिचा हिशेब कुणाला द्यायचा नाही. रविवारी सकाळी सिद्धेश्वर तलावाकडे, तिथं मात्र निवांत. सीझनच्या शेवटी शेवटी हे पुरतं बंद पडलं. शाळा सुरू झाल्यावर त्या न सांगता पुन्हा दोन चौक आधी उतरू लागल्या. मला त्याचं फार समाधान वाटलं. पहिल्यांदा सुरू करणं उमेदीवर होतं, मोडल्यावर पुन्हा सुरू करायला स्वतःवर राग नसावा लागतो.

आपल्याकडच्या उन्हाचं वेगळं सांगायला हवं. एप्रिल-मे महिन्यात पारा चाळिसाच्या वर असतो, संध्याकाळी सहालाही डांबर तापलेलं असतं. त्या दिवसांत सकाळी सातच्या आत किंवा रात्री जेवणानंतर चाला. जेवणानंतर थोडं चाललं तर साखरही एकदम चढत नाही. छातीत दुखत असेल, धाप लागत असेल, पायाला सूज किंवा बधिरपणा असेल, तर आधी डॉक्टरांना दाखवा. तिथं माझ्या सल्ल्याचं काम नाही.

आणि घरच्यांना एक विनंती. “आज गेली नाहीस का फिरायला?” हे विचारू नका. प्रेमानं विचारलेलं असलं तरी दिवसभर जाब देऊन आलेल्या माणसाला तो आणखी एक जाब वाटतो. ताईंचे यजमान एकदा माझ्याकडे आले आणि म्हणाले, “मग मी करू तरी काय, मॅडम?” मी सांगितलं, त्या चालून येईपर्यंत कुकर लावून ठेवा.