दरतक्ता बदलला, आता पुढे काय?

प्रिय,

अनेक आशीर्वाद.

तुझ्या पत्रातला राग पोचला. हॉटेल-साखळीच्या सदस्य-योजनेत साठवलेल्या पॉइंटांत ज्या हॉटेलात चार रात्री मिळणार होत्या तिथे आता तीनच मिळतील, आणि वर कंपनीच्या ईमेलात त्याला 'सदस्यांसाठी अधिक लवचिकता' म्हटलंय. संताप यायचाच. पण तू विचारलेल्या तीन गोष्टी वेगवेगळ्या आहेत: पॉइंट आत्ताच उडवून टाकू का, दुसऱ्या साखळीकडे जाऊ का, आणि तक्रार कुठे करू. प्रत्येकीचा हिशेब निराळा आहे. रागात तिन्ही एकदम उरकायला गेलं की हातचंही जातं.

आधी हे कशामुळे होतं ते थोडक्यात सांगतो. नियमावलीत एक कलम जवळपास सगळ्यांचं सारखं असतं: पॉइंट ही सदस्याची मालमत्ता नाही आणि कंपनी नियम बदलू शकते. कंपनीच्या ताळेबंदात हे पॉइंट देणं म्हणून उभे असतात. मोठ्या साखळ्यांचं हे देणं अब्जावधी डॉलरचं आहे. त्यातच क्रेडिट कार्डवाल्या बँका पॉइंट घाऊक विकत घेऊन ग्राहकांना वाटतात. पॉइंट वाढत राहतात, पण खोल्या त्या वेगाने वाढत नाहीत. मग खोलीचा पॉइंटांतला भाव चढतो. कोणत्या हॉटेलच्या रात्रीला किती पॉइंट लागतील याचा ठरावीक दरतक्ता हिल्टनने २०१७ मध्ये काढून टाकला, मॅरियटने २०२२ मध्ये. हयातने तक्ता ठेवला, पण त्याच वर्षी त्यात हंगामाप्रमाणे तीन भाव आणले. तक्त्यातल्या चौथ्या गटाच्या हॉटेलातली १५,००० पॉइंटांची रात्र मागणी कमी असेल तेव्हा १२,००० ला आणि गर्दीच्या दिवसांत १८,००० ला मिळू लागली. तेव्हा तुझ्यावर काही विशेष अन्याय झालेला नाही. पुढेही होत राहणार, हे धरूनच चाल.

आता नोटीस कशी वाचायची ते बघ. वरची दोन पानं जाहिरातीची असतात, ती सोडून दे. बदल कोणत्या तारखेपासून आहे आणि ती तारीख बुकिंगची की मुक्कामाची, हे पहिलं शोध. बहुतेक वेळा बुकिंगची असते, आणि तिथेच तुला जागा मिळते. दुसरं, जुनी नियमावली उघडून फाइल करून ठेव आणि नवी तिच्याशेजारी ठेवून वाच. काय मिळालं हे ईमेल सांगतं. काय गेलं ते फक्त दोन नियमावल्यांच्या फरकात दिसतं. तिसरं, 'उपलब्धतेनुसार', 'हॉटेलच्या मर्जीनुसार', 'पर्यंत' आणि 'सहभागी हॉटेलांत' हे शब्द नव्याने कुठे घुसलेत ते बघ. २०२१ मध्ये हिल्टनने अमेरिकेतल्या हॉटेलांत गोल्ड आणि डायमंड या वरच्या दर्जांच्या सदस्यांचा मोफत नाश्ता काढून त्याऐवजी खाण्यापिण्यासाठी रोजची ठरावीक रक्कम द्यायला सुरुवात केली. ऐकायला बरं वाटतं. पण ज्या हॉटेलात नाश्ता त्या रकमेपेक्षा महाग, तिथे वरचे पैसे खिशातून गेले.

नोटीस आणि अंमलाची तारीख यांच्यात जे दिवस मिळतात ते सोन्यासारखे वापर. पॉइंट उडवून टाकायचे नाहीत, बुकिंग करून ठेवायची. पुढच्या वर्षभरात जिथे खरोखर जायची शक्यता आहे त्या जागांची, रद्द करता येणारी, जुन्या भावाने. पॉइंटांची बुकिंग साधारणपणे मुक्कामाच्या एक-दोन दिवस आधीपर्यंत विनाशुल्क रद्द होते. काही रिसॉर्टांत आणि सणासुदीच्या तारखांना मात्र ही मुदत कितीतरी आधी संपते, म्हणून प्रत्येक बुकिंगची रद्द करण्याची शेवटची तारीख वेगळी लिहून ठेव. अंमलाच्या तारखेनंतर नवे भाव बघायचे. वाढले असतील तर जुनी बुकिंग तशीच राहू दे. उतरले असतील तर नवीन बुकिंग आधी करायची आणि ती पक्की झाल्यावरच जुनी रद्द करायची. क्रम उलटा केलास आणि मधल्या दोन मिनिटांत खोली गेली तर काही करता येत नाही.

इथे सगळ्यात जास्त नुकसान होतं ते बुकिंगला हात लावल्याने. जुन्या भावाच्या बुकिंगमध्ये एक रात्र वाढवली, तारीख एका दिवसाने सरकवली किंवा खोलीचा प्रकार बदलला की सिस्टीम तिला नवी बुकिंग समजून आजच्या भावाने मोजते. बहुधा अख्ख्या मुक्कामाला, फक्त वाढीव रात्रीला नाही. रात्र वाढवायचीच असेल तर ती वेगळी बुकिंग म्हणून घे आणि चेक-इनच्या वेळी काउंटरवर दोन्ही जोडून एकच खोली मागून घे.

फ्री नाइट सर्टिफिकेटचं, म्हणजे एक रात्र फुकट देणाऱ्या कूपनचं, अजून नाजूक आहे. काहींत मुदतीच्या आत बुकिंग केली की चालतं, काहींत मुक्कामच मुदतीच्या आत व्हावा लागतो. मुदत टळल्यावर सर्टिफिकेटवरची बुकिंग रद्द केली तर ते सहसा परत मिळत नाही. शिवाय ठरावीक पॉइंटांपर्यंतच्या हॉटेलालाच ते चालतं, त्यामुळे भाववाढीचा पहिला फटका यालाच बसतो: काल मर्यादेत असलेलं हॉटेल आज मर्यादेबाहेर. म्हणून बदलाआधी बुकिंग करताना सर्टिफिकेटं आधी वापर, पॉइंट नंतर.

बँकेचे पॉइंट हॉटेलच्या खात्यात आगाऊ वळवून ठेवू नकोस. ते परत फिरत नाहीत. खोली दिसली, भाव पटला, वळवायला किती वेळ लागतो ते कळलं, मगच वळव.

आता भाव पटला म्हणजे काय? आकडे धरून बघू. समज, मॅरियटची एक खोली १९० डॉलरला आहे, कर ३० डॉलर, एकूण २२०. तीच ३०,००० पॉइंटांना. बहुतेक लोक २२० डॉलर म्हणजे २२,००० सेंट भागिले ३०,००० करतात आणि एका पॉइंटाची किंमत ०.७३ सेंट म्हणून मोकळे होतात. एक गोष्ट राहून जाते. रोख दिले असते तर पॉइंट मिळाले असते: डॉलरला १०, आणि सदस्यत्व प्लॅटिनम दर्जाचं असेल तर त्यावर ५० टक्के जादा, म्हणजे १९० डॉलरवर २,८५०. पॉइंटांनी राहिल्यावर ते बुडतात. म्हणून भाजक ३२,८५० धरायचा, उत्तर येतं ०.६७ सेंट. आता भाव ३६,००० झाला तर भाजक ३८,८५० आणि किंमत ०.५७. हे तुझं नुकसान, आकड्यात. पाच रात्री राहणार असशील तर पुन्हा मोज: मॅरियटला पॉइंटांच्या सलग पाच रात्रींत सर्वांत स्वस्त रात्र फुकट असते. रोज ३०,००० असतील तर पाच रात्रींचे १,२०,००० पडतात, बुडालेले १४,२५० धरून १,३४,२५०. रोखीचे १,१०,००० सेंट त्याने भागले की ०.८२. त्याच पाच रात्री दोन तुकड्यांत बुक केल्या तर ही सवलत गेली.

रोखीचा आकडा लिहिताना प्रामाणिक राहा. तू एरवी जो दर दिला असतास तोच धर, पडद्यावर दिसणारा सर्वांत महागडा नाही. तीनशे डॉलरची खोली पॉइंटांत घेताना, पॉइंट नसते तर शेजारच्या दीडशेच्या हॉटेलात राहिलो असतो हे माहीत असेल, तर तुझी बचत दीडशेचीच. रिसॉर्ट फी, म्हणजे काही हॉटेलं खोलीभाड्याशिवाय वेगळी लावतात ती रक्कम, बघ. मॅरियटमध्ये ती पॉइंटांच्या मुक्कामालाही लागते, म्हणजे दोन्ही बाजूंना सारखीच. हिल्टन आणि हयात पॉइंटांच्या मुक्कामाला ती माफ करतात, तिथे ती रोखीच्या बाजूला मिळवायची.

पॉइंटांची खोलीच दिसत नाही, अशी तुझी दुसरी तक्रार आहे. हॉटेल बहुतेक वेळा साखळीच्या मालकीचं नसतं. पॉइंटांच्या रात्रीबद्दल साखळी हॉटेलमालकाला सहसा कमी रक्कम देते. हॉटेल जवळजवळ भरलेलं असेल तेव्हाच बाजारभावाच्या आसपास देते. मग काही मालक साध्या खोल्या कमी दाखवतात, किंवा त्याच खोलीला 'डीलक्स' नाव देऊन साध्याच्या यादीतून काढतात. तेव्हा आधी रोखीची यादी उघड. तिथे सगळ्यात खालची खोली विकायला असेल आणि पॉइंटांत नसेल, तर त्या तारखा आणि त्या खोलीचं नेमकं नाव घेऊन साखळीच्या सदस्य-योजनेच्या मदत-कक्षाला फोन कर. हॉटेलला फोन करून उपयोग नाही, त्यांचा त्यात तोटाच आहे.

आता स्टेटसकडे, म्हणजे जास्त रात्री राहणाऱ्या सदस्याला मिळणाऱ्या वरच्या दर्जाकडे येतो, कारण यात तरुण मंडळी सर्वांत जास्त पैसे घालवतात. मॅरियटमध्ये वर्षात ५० रात्रींना प्लॅटिनम. तुझ्या ४२ होतील, ८ कमी. डिसेंबरात ९० डॉलरच्या आठ रात्री नुसत्या विकत घ्यायच्या असं तुझ्या मनात आहे. खर्च ७२० डॉलर. गोल्ड म्हणून त्यावर डॉलरला साडेबारा पॉइंट, म्हणजे ९,०००, किंमत साधारण ६० डॉलर. निव्वळ खर्च ६६०. बदल्यात काय? पुढच्या वर्षी ३० रात्री, सरासरी दीडशे डॉलरने, म्हणजे ४,५०० डॉलरचा खर्च. गोल्डच्या २५ टक्के जादाऐवजी ५० टक्के, म्हणजे डॉलरला अडीच पॉइंट जास्त: ११,२५०, सुमारे ७५ डॉलर. नाश्ता ३० पैकी १२ रात्रींना मिळेल असं धरू, १८ डॉलरने २१६. एकूण २९१. नाकापेक्षा मोती जड. आणि तुझा नाश्ता कंपनी देत असेल तर त्या २१६ ची किंमत तुला शून्य आहे, हे कुणी हिशेबात धरतच नाही. उशिराचा चेक-आउट आणि अपग्रेड यांना हवी ती किंमत लाव, पण लिहून लाव. 'प्लॅटिनमला नाश्ता फुकट' हे सगळीकडे खरं नाही: रिट्झ-कार्लटनमध्ये तो नाही.

याउलट ४८ रात्री झाल्या असतील आणि पुढच्या वर्षीचा प्रवास पक्का असेल तर दोन रात्री घ्यायला हरकत नाही. आणि शक्य असेल तर त्या रात्री वर्षाच्या सुरुवातीला गोळा कर. मिळालेलं स्टेटस ते वर्ष, पुढचं पूर्ण वर्ष आणि त्यानंतरच्या फेब्रुवारीअखेरपर्यंत चालतं. मार्चमध्ये गाठलं तर दोन वर्षं, डिसेंबरात गाठलं तर चौदा महिने.

दुसरीकडे जायचं असेल तर स्टेटस मॅच, म्हणजे इथल्या दर्जाच्या बरोबरीचा दर्जा तिथे, माग, पण घाई करू नकोस. ही सवलत बहुधा एकदाच किंवा काही वर्षांतून एकदाच मिळते, आणि टिकवायला साधारण ९० दिवसांत ठरलेल्या रात्री पूर्ण कराव्या लागतात. पुढचे तीन महिने घरी बसून काढणार असशील तर ती वाया जाईल. प्रवासाचं वेळापत्रक हातात आल्यावर अर्ज कर. सोबत स्टेटस दाखवणारं पान आणि गेल्या वर्षभरातल्या मुक्कामांची यादी जोड. नाव आणि तारखा दिसल्या पाहिजेत. जिथे तुला वारंवार जावं लागतं तिथे नव्या साखळीचं हॉटेल आहे का, हे आधी नकाशावर बघ. हयातचे पॉइंट चांगले म्हणून तिकडे जायचं आणि कामाच्या गावात त्यांचं हॉटेलच नसायचं, असं खूप जणांचं होतं.

तक्रारीबद्दल. धोरण बदललं म्हणून लिहिलेल्या लांबलचक ईमेलला साचेबद्ध उत्तर येतं. लिहायचंच असेल तर पाच ओळी: गेल्या वर्षी किती रात्री, यंदा कोणत्या कारणाने किती कमी करणार, कोणता बदल मागे घ्यावा. आकडा असलेलं पत्र निदान मोजलं जातं. एखाद्या मुक्कामात मिळायला हवं ते मिळालं नाही, ही वेगळी गोष्ट. तिथे बुकिंगचा क्रमांक, तारीख आणि नियमाचं कलम द्यायचं, आणि आधी हॉटेलच्या व्यवस्थापकाकडे, चेक-आउटच्या आत मागायचं. काही योजनांत भरपाईची तरतूद फक्त मुक्काम चालू असतानाच लागू होते.

दोन योजना एकत्र होणार अशी बातमी आली तर मात्र त्याच दिवशी खात्याची छायाचित्रं काढून ठेव: पॉइंट, आजवरच्या एकूण रात्री, सर्टिफिकेटं आणि त्यांच्या मुदती, पुढच्या बुकिंगचे क्रमांक. ऑगस्ट २०१८ मध्ये मॅरियट आणि स्टारवुडची खाती एकत्र झाली तेव्हा स्टारवुडचा एक पॉइंट मॅरियटचे तीन या प्रमाणात मोजला गेला. गुणोत्तर ठीक होतं, पण अनेकांच्या रात्री आणि पॉइंट खात्यातून गायब झाले, आणि फोनवर तासन्‌तास गेले. ज्यांच्याकडे आधीची पानं होती त्यांना बोलायला काहीतरी हातात होतं.

तू पाठवलेली बुकिंगची यादी बघितली. मे महिन्यातली सोडून बाकी सगळ्या आहेत तशाच राहू देत. मेची ट्रॅव्हल साइटवरून केलेली दिसते. तसल्या बुकिंगला पॉइंटही मिळत नाहीत आणि रात्रीही मोजत नाहीत. दर सारखाच असेल तर आधी थेट साखळीच्या साइटवरून कर आणि मग ही रद्द कर.

तुझा,
काका

ता. क. मुदतीचं राहिलं. मॅरियट, हिल्टन आणि हयातमध्ये २४ महिने खात्यात काहीच हालचाल नसेल तर पॉइंट जातात. आयएचजी या साखळीत स्टेटस नसलेल्यांना १२ महिनेच. मॅरियटमध्ये दुसऱ्या सदस्याला पॉइंट पाठवणं ही हालचाल धरत नाहीत, त्यामुळे आईच्या खात्यातून तुझ्या खात्यात पॉइंट घेऊन दोन्ही खाती जिवंत राहतील या भरवशावर राहू नकोस.