आयव्हीएफच्या जोडीला सुया?
अगं, आयव्हीएफ (टेस्ट ट्यूब बेबीचे उपचार) चालू असताना ॲक्युपंक्चर, म्हणजे अंगाला बारीक सुया टोचण्याचा उपचार, करू का विचारतेस? करायचं तर कर, पण आधी तुझ्या आयव्हीएफच्या डॉक्टरांच्या कानावर घाल. रक्त पातळ करणारी इंजेक्शनं चालू असतील तर नक्कीच. मी आयव्हीएफच्या दोन सायकलमध्ये, म्हणजे उपचारांच्या दोन फेऱ्यांत, केलं. सुया केसाएवढ्या बारीक. पोटात रोज घ्याव्या लागणाऱ्या इंजेक्शनांपुढे काहीच नाही! झोप मात्र छान लागायची. गर्भ राहण्याचं म्हणशील, तर ऑस्ट्रेलिया-न्यूझीलंडमधल्या ८४८ बायकांचा अभ्यास २०१८ साली आला: खऱ्या सुयांच्या गटात १८.३ टक्के जणींना बाळ झालं, नुसतं टोचल्यासारखं केलेल्या गटात १७.८. म्हणजे फरक नाहीच. 'गॅरंटी' म्हणणाऱ्याकडून सरळ उठून ये. सुया तुझ्यासमोर नव्या पाकिटातून काढायला लाव. आणि दहा सिटिंगचे पैसे आगाऊ भरू नकोस, मी भरले होते.