नोकरी सोडावी की नर्सिंग?

'ताई, मी 29 वर्षांची. रत्नागिरी जिल्ह्यातल्या एका खासगी हॉस्पिटलात सहा वर्षं स्टाफ नर्स आहे. गेल्या पावसाळ्यात फुरसं चावलेला पेशंट आला. सरांनी फोनवर सांगितलेला डोस मी परत विचारला, तर राउंडला नातेवाइकांसमोर म्हणाले, "अक्कल घरी ठेवून येतेस काय?" असं रोजचंच. हल्ली शंका आली तरी विचारत नाही, अंदाजाने करते. काल एका आजींनी दुसऱ्यांदा बेडपॅन मागितलं तर मी त्यांच्यावर खेकसले. राजीनामा लिहून पर्समध्ये ठेवलाय. मी या कामाला नालायक आहे का?'

अगं, नालायक असतीस तर डोस परत विचारला नसतास. फोनवरची ऑर्डर परत म्हणून दाखवायची असते, हे तू शिकलीस आणि पाळलंस. फुरशाच्या विषाने रक्त गोठेनासं होतं. काचेच्या नळीत रक्त घेऊन ते 20 मिनिटं न हलवता ठेवायचं आणि मग नळी तिरकी करून ते गोठलंय का बघायचं. ते घड्याळ तू सांभाळतेस. हिरड्यांतून रक्त येतंय का, लघवी लाल होतेय का, हेही आधी तुलाच दिसतं.

म्हणून तुझ्या खेकसण्यापेक्षा मला त्या 'अंदाजाने करते'ची जास्त भीती वाटते. इस्रायलमध्ये नवजात बाळांच्या अतिदक्षता विभागांतल्या 24 टीमवर एक प्रयोग झाला, 2015 मध्ये तो प्रसिद्ध झाला. उपचार करायचे होते ते खोट्या बाळावर. त्यातल्या काही टीमना पाहुण्या तज्ज्ञाने टाकून बोललं. त्यांचं निदानही घसरलं आणि हातचं कामही. एकमेकांना माहिती सांगणं, मदत मागणं कमी झालं. तुझंही तेच झालंय.

रात्रभर जागलेला डॉक्टर चिडतो, हे मला कळतं. पण तूही जागलेलीच असतेस ना!

ओपीडी संपल्यावर सरांना एकटं गाठ. सरळ सांग, 'सर, चुकले तर जरूर सांगा, पण पेशंटसमोर नको. आणि फोनवरचा डोस मी परत म्हणून दाखवणारच.' आवाज कापला तरी चालेल. सुधारणा नाही झाली तर मेट्रनकडे लेखी दे, तारखा घालून. सोबत आणखी दोघी असतील तर उत्तम, कारण बोलणी खाणारी तू एकटी नसणार.

दोन महिन्यांत काही हललं नाही तर खुशाल सोड, पण ते हॉस्पिटल सोड. नर्सिंग कौन्सिलची नोंदणी तुझ्या नावावर आहे, त्यांच्या नव्हे. फक्त दुसरी जागा हाती आल्याशिवाय पर्समधला कागद बाहेर काढू नकोस आणि निघताना अनुभवाचा दाखला मागून घे.

उद्या ड्युटीवर गेलीस की आधी त्या आजींच्या खाटेपाशी जा. 'आजी, काल मी उगाच ओरडले, रागावू नका,' एवढं म्हण. दुसऱ्यांदा बेडपॅन मागताना त्यांनाही लाज वाटलीच असेल गं.

— तुझी ताई