कोलिनेस्टरेजचा रिपोर्ट 'नॉर्मल' आला, तरी फवारणीची विषबाधा असू शकते का?

तुमचा प्रश्न थोडक्यात असा: बाबांनी कपाशीवर सलग तीन दिवस प्रोफेनोफॉस ४० टक्के आणि सायपरमेथ्रिन ४ टक्के हे मिश्रण फवारलं, तोंडाला मास्क होता. चौथ्या दिवशी डोकेदुखी, मळमळ, अंधुक दिसणं सुरू झालं. रक्तात कोलिनेस्टरेज (मज्जातंतूंचा रासायनिक संदेश संपवणारं एन्झाइम, फवारणीची काही औषधं ते बंद पाडतात) ५,९०० आलं, रिपोर्टवर मर्यादा ५,३२० ते १२,९२० छापलेली, म्हणून 'नॉर्मल' सांगून घरी पाठवलं. रिपोर्ट चुकला का, मास्क असताना विष गेलं कुठून, आणि तुम्ही एमएस्सी बायोकेमिस्ट्रीला असल्याने कॉलेजच्या लॅबमध्ये स्वतः तपासता येईल का?

आधी तातडीचं. त्यांना उताणं झोपवून उशीवरून मान उचलायला सांगा. मान उचलत नसेल, लाळ-घाम वाढला असेल, छातीत घरघर असेल, स्नायू फडफडत असतील किंवा बाहुल्या टाचणीच्या टोकाएवढ्या झाल्या असतील, तर हे उत्तर बाजूला ठेवून १०८ला फोन करा. ऑरगॅनोफॉस्फेटच्या (प्रोफेनोफॉस याच गटातलं) विषबाधेत पहिली लक्षणं ओसरल्यावर २४ ते ९६ तासांत मानेचे आणि श्वासाचे स्नायू दुबळे पडू शकतात. अशा वेळी उपचार लक्षणांवर सुरू होतात, रिपोर्टची वाट पाहत नाहीत. सोबत औषधाचा रिकामा डबा किंवा लेबलचा फोटो न्या आणि शेवटची फवारणी किती वाजता थांबली ते सांगा.

आता रिपोर्ट. आकडा चुकलेला असेलच असं नाही, पण त्याचा अर्थ चुकीचा लावला गेला आहे. छापील मर्यादा म्हणजे निरोगी लोकांच्या मोठ्या गटाचा पसारा. तो इतका रुंद आहे की एखाद्याचं एन्झाइम निम्म्यावर आलं तरी तो मर्यादेच्या आतच राहू शकतो. बाबांचं एरवीचं मूल्य १०,५०० असेल तर ५,९०० म्हणजे ५६ टक्के. कॅलिफोर्नियात ही औषधं हाताळणाऱ्या कामगारांसाठी नियम आहे: हंगामाआधी प्रत्येकाचं स्वतःचं मूल्य मोजून ठेवायचं, प्लाझ्मातलं एन्झाइम त्याच्या ६० टक्क्यांवर किंवा लाल पेशींमधलं ७० टक्क्यांवर आलं की त्या माणसाला फवारणीपासून दूर करायचं, आणि ८० टक्क्यांपर्यंत भरून येईपर्यंत परत पाठवायचं नाही. त्या नियमाने बाबांना केव्हाच थांबवलं असतं. उलट, त्यांचं मूळ मूल्यच ६,२०० असेल तर या चाचणीत काहीच बिघडलेलं नाही. एका आकड्यावरून हे दोन्ही वेगळे ओळखता येत नाहीत.

मूळ मूल्य माहीत नसेल तर ते मागाहून काढता येतं. फवारणी पूर्ण बंद ठेवून, त्याच लॅबमध्ये, त्याच पद्धतीने, पहिल्या तपासणीपासून दोन आठवड्यांनी आणि मग सहा आठवड्यांनी पुन्हा तपासा. आकडा ५,९००वरून ९-१० हजारांकडे चढला तर पहिला आकडा दबलेला होता, हे सिद्ध होतं. तिन्ही वेळा जवळपास तेवढाच राहिला तर कारण दुसरीकडे शोधावं लागेल. लॅब बदलू नका. सबस्ट्रेट (चाचणीत एन्झाइम जे रसायन तोडतं ते) आणि तापमान बदललं की युनिटचे आकडे जुळत नाहीत.

इथे आणखी एक खोच आहे. बहुतेक लॅब 'सीरम कोलिनेस्टरेज' म्हणून जे मोजतात ते ब्युटिरिलकोलिनेस्टरेज. ते यकृतात तयार होतं, त्यामुळे यकृताचा आजार, कुपोषण, गर्भारपण यातही कमी होतं. विषाचा खरा घाव बसतो अॅसिटिलकोलिनेस्टरेजवर, म्हणजे मज्जातंतू आणि स्नायू जिथे भेटतात तिथल्या एन्झाइमवर. त्याच जनुकाचं एन्झाइम लाल पेशींच्या पडद्यावर असतं, म्हणून लाल पेशींची चाचणी जास्त बोलकी. प्लाझ्मातलं एन्झाइम काही आठवड्यांत भरून येतं. लाल पेशीला मात्र नवं प्रथिन बनवता येत नाही, तिचं आयुष्य सुमारे १२० दिवस, त्यामुळे कायमचं बंद पडलेलं एन्झाइम दिवसाला साधारण एक टक्का या गतीनेच भरतं. प्रोफेनोफॉसच्या बाबतीत हे विशेष लागू पडतं. हे एस-अल्किल गटातलं औषध आहे. एन्झाइमला चिकटल्यावर त्याचं 'एजिंग' (बंध कायमचा पक्का होणं) फार लवकर होतं, आणि मग पीएएमसारखं ऑक्झाइम (विषाला एन्झाइमपासून सोडवणारा उतारा) त्याला सोडवू शकत नाही. श्रीलंकेतल्या रुग्णांमध्ये हेच दिसलं: दाखल होईपर्यंतच लाल पेशींमधलं एन्झाइम एज झालेलं होतं. तुलनेसाठी, डायमिथाइल गटात (डायमेथोएट, मोनोक्रोटोफॉस) एजिंगचा अर्धकाळ सुमारे ३.७ तास, तर डायइथाइल गटात (क्लोरपायरीफॉस, क्विनालफॉस) सुमारे ३३ तास. डॉक्टरांना डबा दाखवणं एवढ्यासाठी महत्त्वाचं.

मिश्रणातला दुसरा भाग, सायपरमेथ्रिन, कोलिनेस्टरेजला हातच लावत नाही. तो मज्जातंतूंच्या सोडियम वाहिन्या उघड्या ठेवतो. चेहऱ्याची आग, मुंग्या येणं त्यामुळे होतं, आणि ही चाचणी ते पकडू शकत नाही. इमिडाक्लोप्रिड, फिप्रोनील, डायफेन्थियुरॉन या कीटकनाशकांचंही तसंच: ती या चाचणीत दिसत नाहीत. यवतमाळ जिल्ह्यात २०१७च्या खरिपात फवारणीच्या विषबाधेने वीसहून अधिक शेतकरी-शेतमजुरांचा जीव गेला आणि शेकडो जण दवाखान्यात दाखल झाले, तेव्हाही शिवारात अशी वेगवेगळ्या गटांतली औषधं आणि त्यांची मिश्रणं वापरली जात होती. एकच चाचणी लावून सगळ्यांना 'विष नाही' म्हणणं धोक्याचं आहे.

मास्क असूनही विष कसं गेलं? मुख्यतः कातडीतून. हिशोब करून पाहा. ४० टक्के औषधाच्या १ मिलीमध्ये सुमारे ४०० मिलिग्रॅम प्रोफेनोफॉस असतं. लिटरला २ मिली या मापाने बनवलेल्या द्रावणाच्या १ मिलीमध्ये ०.८ मिलिग्रॅम. म्हणजे डब्याच्या झाकणात माप घेताना बोटांवर सांडलेलं एक मिली औषध हे अर्धा लिटर तयार फवारा अंगावर ओतून घेण्याइतकं. वर त्यातलं द्रावक तेलकट असतं, त्यामुळे ते कातडीत मुरायला मदतच होते. शरीराची सगळी कातडी सारखी नसते. १९७१ साली पॅराथिऑनवर झालेल्या मोजमापात हाताच्या पुढच्या भागातून ८.६ टक्के शोषलं गेलं, कपाळातून सुमारे ३६ टक्के, आणि अंडकोषाच्या कातडीतून जवळपास सगळंच. पंपाच्या झाकणाचा वॉशर गळका असला की द्रावण पाठीवरून कमरेत उतरतं आणि दिवसभर ओल्या चड्डीत राहतं. तोंडावरचा मास्क त्याला काय करणार? पंप पाठीला लावण्याआधी साध्या पाण्याने भरून, झाकण लावून, आडवा करून पाहा. एक थेंब गळला तरी वॉशर बदला. माप घेताना नायट्राइलचे जाड हातमोजे हवेत, पातळ लॅटेक्सचे द्रावकापुढे टिकत नाहीत. कापडी मास्क तर ओला झाल्यावर औषधाची पट्टी तोंडाला बांधल्यासारखा होतो. वाफ अडवायला सेंद्रिय वाफांचं कार्ट्रिज आणि कणांचा फिल्टर, दोन्ही असलेला रेस्पिरेटर लागतो.

हवेतून येणाऱ्या भागाचं गणित वेगळं आहे, आणि ते टर्ब्युलंट, म्हणजे भोवऱ्यांनी भरलेल्या प्रवाहाचं आहे. होलो कोन (पोकळ शंकूसारखा फवारा देणाऱ्या) नोझलमधून सगळे थेंब एका आकाराचे निघत नाहीत. स्थिर हवेत २०० मायक्रॉनचा थेंब सेकंदाला सुमारे ७० सेंटिमीटर वेगाने खाली येतो, १०० मायक्रॉनचा २५-२७, आणि ५० मायक्रॉनचा फक्त ७ ते ८. ताशी ७ ते ११ किलोमीटर वाऱ्यात पिकावरच्या भोवऱ्यांचा वर-खाली वेग सेकंदाला २० ते ४० सेंटिमीटर असतो. त्यामुळे १०० मायक्रॉनच्या आतला थेंब गुरुत्वाकर्षणाचं ऐकत नाही, भोवरा नेईल तिकडे जातो. त्यात तो वाळतही असतो. कोरड्या आणि ओल्या तापमापीतला फरक ८ अंश असेल तर पाण्याचा १०० मायक्रॉनचा थेंब सुमारे १५ सेकंदांत संपतो, ५० मायक्रॉनचा चार सेकंदांत, आणि तेवढ्यात तो जेमतेम १५ सेंटिमीटर उतरलेला असतो. पाणी उडून जातं, औषध उरतं, आणि तो बारीक कण हवेतच तरंगतो. पंपाचा दाब दुप्पट केला की प्रवाह १.४ पटच वाढतो, थेंब मात्र बारीक होतात. ताकदवान पंपाने काम लवकर उरकतं, पण हवेत राहणारा वाटा वाढतो.

वारा कुठल्या बाजूने घ्यायचा, यावर बरेच जण 'पाठीवर घ्या' सांगतात. मला हे पटत नाही. माणसाची रुंदी ४० सेंटिमीटर आणि वारा सेकंदाला २ मीटर धरला तर रेनॉल्ड्स अंक (प्रवाह किती खळबळता ते सांगणारा आकडा) सुमारे ५०,००० भरतो. अशा प्रवाहात शरीराच्या आडोशाला, म्हणजे पाठीवर वारा असेल तर नेमकं छातीसमोर, हवा उलटी फिरत राहते. लान्सचे (हातातल्या फवारणीच्या नळीचे) बारीक थेंब त्या फिरत्या हवेत सापडले की वर नाकाकडे येतात. समोरून वारा असेल तर ते थेटच येतात. वारा कडेने असावा. तासाने, म्हणजे पिकाच्या ओळीने चालताना लान्स वारा जातो त्या बाजूला धरायचा. शेताच्या ज्या धुऱ्याकडे वारा वाहतो तिथून सुरुवात करायची आणि पुढचं प्रत्येक तास वारा जिकडून येतो त्या बाजूला सरकून घ्यायचं, म्हणजे चालणं नेहमी न फवारलेल्या पऱ्हाटीतून होतं. पऱ्हाटी खांद्यापर्यंत वाढलेली असेल तर पाठपंप घेऊन आत शिरूच नये. ओली पानं दोन्ही बाजूंनी अंगाला घासतात आणि लान्स डोक्याच्या वर धरावा लागतो. वारा अगदी पडलेली, निवांत पहाटही टाळा: वर उबदार हवेचा थर बसलेला असतो आणि बारीक थेंब तिथेच तरंगत राहतात.

शेवटी तुमची लॅब. करता येईल, पण निकाल डॉक्टरांच्या हातातल्या रिपोर्टची जागा घेणार नाही, आणि रक्त प्रशिक्षित माणसानेच काढावं. एलमन आणि सहकाऱ्यांची १९६१ची पद्धत तुम्हाला माहीत असेल: अॅसिटिलथायोकोलिन तुटून थायोकोलिन सुटतं, ते डीटीएनबी या रसायनाशी जोडलं की पिवळा रंग येतो, तो ४१२ नॅनोमीटरला वाचायचा. रक्तात हे जसंच्या तसं चालत नाही, कारण हिमोग्लोबिन तिथेच जोरात शोषतं. म्हणून ४३६ नॅनोमीटरला वाचा. तिथे रंगाच्या शोषणाचा गुणांक १०.६ प्रति मिलिमोलर प्रति सेंटिमीटर धरतात.

रक्त ईडीटीएच्या नळीत घ्या. राखाडी झाकणाच्या नळीतलं फ्लोराइड स्वतःच कोलिनेस्टरेजला दाबतं. बोट टोचून घेणार असाल तर हात साबणाने दोनदा धुवा, नाहीतर कातडीवरचं औषध थेंबात येऊन आकडा पाडतं. ०.२ मिली रक्त लगेच १९.८ मिली गार बफरमध्ये मिसळा (०.१ मोलर फॉस्फेट, पीएच ७.४, ट्रायटन एक्स-१०० ०.०३ टक्के) आणि बर्फात ठेवा. रक्तात मोकळं औषध असेल तर ते नळीतही एन्झाइम मारत राहतं. पातळ आणि गार केल्यानेच ते थांबतं. मग क्युव्हेटमध्ये (रंग मोजायच्या पारदर्शक नळीत) २ मिली बफर (ट्रायटनविना), १ मिली पातळ केलेलं रक्त, १० मिलिमोलर डीटीएनबी १०० मायक्रोलिटर, आणि प्लाझ्मातलं एन्झाइम दाबण्यासाठी ६ मिलिमोलर इथोप्रोपाझिन १० मायक्रोलिटर. ३७ अंशांवर १० मिनिटं थांबा. रक्तातले मोकळे सल्फहायड्रिल गट या वेळात डीटीएनबीशी भिडून संपतात. घाई केली तर सुरुवातीचा चढ खोटा येतो. शेवटी २८.४ मिलिमोलर अॅसिटिलथायोकोलिन आयोडाइड ५० मायक्रोलिटर घालून तीन-चार मिनिटं रेषा पाहा. एक ब्लँक (तुलनेची नळी) रक्ताविना ठेवा, एक सबस्ट्रेटविना. सबस्ट्रेटचं द्रावण त्याच दिवशी बनवून बर्फात ठेवा. रक्ताविना ब्लँक चढू लागला तर ते आपोआप तुटतंय.

ब्लँक वजा जाता चढ मिनिटाला ०.१५० आला, तर ०.१५० भागिले १०.६, गुणिले ३१६ (१०० पट पातळीकरण आणि ३.१६ मिली आकारमान), म्हणजे सुमारे ४.४७ युनिट प्रति मिली. त्याला हिमोग्लोबिनने भागलंच पाहिजे. रक्तक्षय असलेल्या माणसात लाल पेशीच कमी, आणि तो आकडा विषबाधेसारखा दिसतो. हिमोग्लोबिन डेसिलिटरला १५ ग्रॅम असेल तर उत्तर २९.८ युनिट प्रति ग्रॅम. हिमोग्लोबिन ड्रॅबकिनच्या द्रावणाने ५४० नॅनोमीटरला मोजा. त्यात सायनाइड असतं, आम्लाच्या बाटलीत कधीच ओतू नका.

बाबांना पीएएम दिलं असेल तर शेवटच्या डोसची वेळ लिहून ठेवा. ऑक्झाइम स्वतः अॅसिटिलथायोकोलिन तोडतं आणि एन्झाइम आहे त्यापेक्षा जास्त दाखवतं. रक्ताविना, पण ऑक्झाइमसह, वेगळा ब्लँक लावला की तो भाग वजा करता येतो. आणि शेजारच्या शेतात कार्बामेट (कोलिनेस्टरेजला तात्पुरतं बंद पाडणारा दुसरा औषधगट) फवारणारं कुणी तपासायचं झालं, तर नमुना काढल्यापासून वाचेपर्यंत मिनिटं मोजा. कार्बामेटचं एन्झाइमशी असलेलं बंधन अर्ध्या-पाऊण तासात निम्मं सुटतं, ३७ अंशांवर तर तुमच्या क्युव्हेटमध्येच सुटत राहतं, आणि खरी विषबाधा असूनही रेषा सरळ निरोगी माणसासारखी निघते.