शनिवारचे चार तास

प्रश्न : मुलगा मेलबर्नला आहे. मास्टर्सच्या आधी २० आठवड्यांचा इंग्रजीचा कोर्स चालू आहे. कर्ज काढून पाठवलंय. फोन केला की कधी समुद्रावर, कधी कुठल्या बार्बेक्यूला गेलेला असतो. आता दर शनिवारी चार तास जुन्या कपड्यांच्या दुकानात फुकट काम करतो म्हणे. फुकटच राबायचं होतं तर इथं आमचं कापडदुकान काय वाईट होतं? तुम्ही त्याला समजवा. – एक वडील, बार्शी

नमस्कार,

हप्ता डोळ्यांसमोर असताना पोरगा समुद्रावर गेलाय हे ऐकून जीव कसा होत असेल, ते कळतं. पण शनिवारचं दुकान त्यानं सोडू नये, असं मला मनापासून वाटतं. का, ते सांगते.

अशा दुकानांना तिकडं ऑप शॉप म्हणतात. लोकांनी दान दिलेले कपडे, भांडी, पुस्तकं विकायची आणि आलेला पैसा गरजूंसाठी वापरायचा. विनीज, साल्वोज ही तिथली घरोघरी माहीत असलेली नावं. काम बरंचसं स्वयंसेवकच करतात, त्यात निवृत्त बायका पुष्कळ.

माझ्याकडून गेलेली सोलापूरची एक मुलगी अशाच दुकानात जायची. पहिले तीन शनिवार मागच्या खोलीत कपडे निवडणं. डागाचा बाजूला, बटण तुटलेला बाजूला, उरलेल्याला किमतीची चिठ्ठी. बोलायचं काम नव्हतं, पण शेजारच्या दोन आजी अखंड बोलायच्या आणि ही ऐकायची. चौथ्या शनिवारी तिला गल्ल्यावर उभं केलं. एक बाई शर्ट घेऊन आल्या आणि म्हणाल्या, ‘हाउ यू गोइंग?’ हिनं उत्तर दिलं, ‘बाय ट्राम.’ त्या बाई नुसत्या बघत राहिल्या. नंतर आजींनी हळूच सांगितलं, अगं, कशी आहेस असं विचारत होत्या त्या. आयईएलटीएस या इंग्रजीच्या परीक्षेत साडेसहा बँड, म्हणजे साडेसहा गुण, मिळवून गेलेली मुलगी होती ही. त्या परीक्षेत बोलण्याची फेरी ११ ते १४ मिनिटांची, समोरचा परीक्षक स्पष्ट बोलतो, आपल्या उत्तरासाठी थांबतो. गल्ल्यावर रांग असते. लोक अर्धे शब्द गिळतात, ‘थँक यू’ऐवजी नुसतं ‘टा’ म्हणतात. दोन महिन्यांनी फोनवर ती मला सांगत होती की आता आजी सुट्टीवर असल्या तरी दुकान ती एकटी सांभाळते.

तुमच्या मुलाच्या कोर्समध्ये आठवड्याला किमान २० तास वर्ग असतो आणि एका शिक्षकामागे जास्तीत जास्त १८ विद्यार्थी. त्यातला एकेकाच्या बोलण्याचा वाटा किती येतो, तुम्हीच हिशोब करा. शिवाय शेजारी बसलेला चीनचा, कोलंबियाचा, नेपाळचा, म्हणजे तोही शिकायलाच आलेला. खोलीवर परतलं की आपलीच मुलं, मग हिंदी किंवा मराठी. तिथल्या माणसाच्या तोंडचं इंग्रजी त्याच्या कानावर पडणार कधी?

सहलींचं मात्र मी इतकं कौतुक करणार नाही. खोलीतल्याच चौघांबरोबर ग्रेट ओशन रोड हा समुद्राकाठचा रस्ता बघून आला, तर हाती फोटो येतील, दुसरं काही नाही. म्हणून ‘कुठं गेला होतास’ यापेक्षा ‘कोणाबरोबर गेला होतास’ हे विचारा. तिथल्या कुणी घरी बोलावलं असेल तर जरूर जाऊ द्या. ‘ब्रिंग अ प्लेट’ म्हणजे रिकामी ताटली नव्हे, सगळ्यांसाठी एखादा पदार्थ करून आणायचा, हे असं एकदा कुणाकडं गेल्यावरच कळतं. ऑप शॉप जमलं नाही तरी दुसऱ्या वाटा आहेत. पार्करन म्हणून दर शनिवारी सकाळी पाच किलोमीटरची मोफत धाव असते. तिथं वेळ नोंदवायला, बारकोड स्कॅन करायला स्वयंसेवक लागतात. मार्चच्या पहिल्या रविवारी क्लीन अप ऑस्ट्रेलिया डे असतो, त्या दिवशी लोक मिळून परिसरातला कचरा उचलतात. पण तो वर्षातून एक दिवस. मी तरी दर आठवड्याला तीच माणसं भेटतील असं काम निवडायला सांगते. ओळख वाढली की लोक चूक सुधारून देतात, अनोळखी माणूस नुसता हसून पुढं जातो.

आता नियम, आणि इथं तुम्ही खरंच लक्ष घाला. इंग्रजीच्या कोर्सला ८० टक्के हजेरी लागते, ती घसरली तर प्रकरण व्हिसापर्यंत जाऊ शकतं. कोर्स चालू असताना पंधरवड्याला ४८ तासांपर्यंतच काम करता येतं. ना-नफा संस्थेतलं, बिनपैशाचं, समाजासाठीचं खरंखुरं स्वयंसेवी काम त्या ४८ तासांत धरत नाहीत. मात्र एखादा हॉटेलवाला म्हणाला की आठवडाभर फुकट ये, काम शीक, मग बघू, तर ती स्वयंसेवा नव्हे. ते राबवून घेणं झालं, आणि असे तास मर्यादेत धरले जाऊ शकतात. तिथं ‘नाही’ म्हणायचं, हे त्याला स्पष्ट सांगा. लहान मुलांबरोबरचं काम असेल तर मेलबर्न ज्यात येतं त्या व्हिक्टोरिया राज्यात वर्किंग विथ चिल्ड्रन चेक, म्हणजे पार्श्वभूमी तपासून मिळणारा दाखला, काढावा लागतो, स्वयंसेवकांना तो मोफत मिळतो.

नोकरीचंही सांगते, कारण कर्ज तिथूनच फिटणार आहे. ऑस्ट्रेलियात अर्ज केला की बऱ्याचदा दोन रेफरी मागतात, म्हणजे फोन करून तुमच्याबद्दल विचारता येईल अशी माणसं. नव्यानं आलेल्या मुलाकडं कोण असतं? वर्षभर वेळेवर येताना पाहिलेली दुकानाची मॅनेजर ‘हो, भरवशाचा मुलगा आहे’ असं म्हणाली, तर पहिल्या पगाराच्या कामाला तो शब्द फार उपयोगी पडतो.

आणि तुम्ही स्वतः कापडदुकान चालवता. गिऱ्हाइकाशी कसं बोलायचं, हे तुम्ही गादीवर बसूनच शिकलात ना? पोरगाही लहानपणी तुमच्या शेजारी बसलेला असणार. शनिवारी आपल्या दुपारी फोन करा, तिकडं संध्याकाळ झालेली असेल, दुकान बंद करून तो घरी आलेला असेल. आज गिऱ्हाईक काय म्हणालं, ते त्याला विचारा. अगदी त्याच्याच शब्दांत, इंग्रजीत सांगायला लावा.